कुठल्या हजारातला एक

वरच्या मजल्यावरची मुलगी माझ्याकडे अभ्यासाला येऊ लागली ती शिवणयंत्रामुळे. तिची आत्या लोकांचे कपडे शिवून द्यायची. यंत्र खिडकीशी होतं, आणि जेवणं, झोपणं, पाहुणे सगळं त्याच खोलीत. खडखडाट सुरू झाला की मुलगी पुस्तकं पोटाशी धरून जिना उतरायची आणि माझ्या जेवणाच्या टेबलाच्या भिंतीकडच्या टोकाला बसायची. माझे यजमान गेल्यापासून ते टेबल मला एकटीला मोठंच होतं.

तिची आई ती लहान असतानाच गेली. घरात तिघंच: ती, आत्या आणि वडील. वडील कापड रंगवायच्या कारखान्यात रंगारी होते. तरुणपणापासून त्याच हौदांवर काम केलेला माणूस. त्यांच्या नखांच्या कडा मी कधी स्वच्छ पाहिल्या नाहीत. जिन्यात भेटले की मी विचारायची, "आज काय चाललंय?" आणि ते नुसती बोटं पुढे करायचे. बोटं हिरवी तर हिरवा लॉट, जांभळी तर जांभळा. स्वभावाने गरीब, बोलायला मिस्कील आणि दवाखान्याच्या नावाने थरथरणारे. एकदा दाढ ठणकत होती, तर गालाला रुमाल बांधून पंधरवडाभर कामावर गेले, पण डॉक्टरच्या खुर्चीत बसले नाहीत.

मुलगी कॉलेजात विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिला वनस्पतिशास्त्राची ओढ. पानांच्या शिरा अशा काढायची की कागद हिरवा वाटावा. पण त्या वर्षी संख्याशास्त्र सक्तीचं होतं, आणि तो विषय म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. सरासरी, विचलन इथवर ती रडतखडत आली आणि संभाव्यतेच्या दारात येऊन बसली. एका चाचणीत नापास, पुढच्या चाचणीतही नापास.

"आजी, नाणं तीनदा उडवलं आणि तिन्ही वेळा छापा आला. आता काटा यायची शक्यता जास्त ना?"

"यायला हवा बाई. त्याची पाळी आहे."

"मीही तेच लिहिलं. सर म्हणाले, नाण्याला आठवण नसते."

"मग नाणं सुखी आहे," मी म्हटलं.

ती हसली आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "वर्गात सगळ्यांना कळतं हो. मलाच का नाही कळत?"

मला शाळेत नन्सनी अंकगणित पक्कं शिकवलं, पण संभाव्यता आमच्या वेळी नव्हती. मला मदत करता येईना. मात्र मी बघत होते की तिला नुसत्या अक्षरांतून काही कळत नाही, तिला वस्तू लागते. म्हणून मी कपाटातून बटणांचा डबा काढून तिच्यापुढे ठेवला. आयुष्यभराच्या शर्टांची, झग्यांची, उशांच्या अभ्र्यांची बटणं होती त्यात.

त्या दिवशी तिच्यापुढे एक उदाहरण होतं. एक आजार हजारात एकाला होतो. त्याची एक तपासणी आहे. आजारी माणसाला ती शंभरात पंच्याण्णव वेळा बरोबर पकडते. पण निरोगी माणसालाही शंभरात पाच वेळा उगाच आजारी ठरवते. तर ज्याची तपासणी 'आजारी' अशी आली, तो खरोखर आजारी असण्याची संभाव्यता किती?

"पंच्याण्णव टक्के," मी पटकन म्हटलं.

"मी पण!" ती म्हणाली. "आणि ते चूक आहे. पुस्तकात मागे उत्तर दिलंय, दोन टक्के. कसं काय?"

तिने बटणं मांडायला घेतली. हजार बटणं कुठली असायला, पण ओळींच्या ओळी टेबलभर झाल्या. एका ओळीला शंभर माना, म्हणाली. एक लाल बटण, म्हणजे आजारी माणूस. बाकी सगळी पांढरी. तपासणी लाल बटणाला पकडते, ते बाजूला सरकवलं. मग पांढऱ्यांतूनही शंभराला पाच उचलायची. ती उचलत गेली, सरकवत गेली, आणि बाजूला ढीग झाला. हजाराच्या हिशेबाने पन्नास पांढरी आणि त्यांत ते एकटं लाल.

ती हात तसाच धरून थांबली. "आजी. हे सगळे पकडले गेलेत. आणि खरा आजारी यांत एकच."

"पन्नास-एक्कावन्नात एक," मी म्हटलं.

"दोन टक्के!" ती इतक्या जोरात ओरडली की वर यंत्र थांबलं आणि आत्याने खिडकीतून हाक मारली, "काय गं, पडलीस की काय?"

रोजनिशीत मी त्या संध्याकाळी लिहिलं, 'मुलीला आज संभाव्यता समजली. चहा दोनदा झाला.'

त्या विषयातलं तिला आतून, हाडापर्यंत समजलेलं हे पहिलं उदाहरण. माणसाला जे इतक्या मुश्किलीने मिळतं त्यावर त्याचा जीव जडतो. भेटेल त्याला ती ते समजावून सांगू लागली.

थंडीत कारखान्यात एक तपासणी झाली. गाडी घेऊन परिचारिका आल्या, सगळ्या रंगाऱ्यांना एकेक छोटी बाटली दिली आणि लघवी तपासायला नेली. डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात आहे का, ते बघायचं होतं. रंगाऱ्यांची चेष्टा आठवडाभर चालली. "माझा नमुना गुलाबी निघाला तर सांगा, त्यात शर्ट बुडवून घेतो." हौदावरचा मुख्य कारागीर, ज्याला सगळे मोरचूद म्हणत, म्हणाला, "माझी बाटली जपून न्या बाई, पक्का रंग आहे, धुतला तरी जायचा नाही."

निकाल आले तेव्हा वडिलांच्या कागदावर अधिकची खूण होती, म्हणजे रक्त सापडलं होतं. मोरचूदच्याही होती, आणखी दोघातिघांच्या होती. खाली लिहिलं होतं की पुढच्या तपासणीसाठी मोठ्या रुग्णालयात जावं.

पुढची तपासणी कसली, ते वडिलांनी कुणाकडून तरी काढून घेतलं. लघवीच्या वाटेने मूत्राशयात दुर्बिणीची नळी घालतात. ते ऐकून माणूस भिंतीला टेकला.

"मला काही होत नाहीये," ते म्हणाले. "दुखत नाही, खुपत नाही. नळी कशाला घालून घेऊ?"

"अरे, मोठ्या माणसासारखा जा ना," आत्या म्हणाली. "कागदावर लिहून दिलंय."

"तू जा, ताई. तुलाच घाला म्हणावं."

मी तेव्हा वरच होते, आत्याकडे पडद्याचं कापड द्यायला गेले होते. मुलगी कागद हातात घेऊन वाचत होती. मग ती खाली गेली आणि माझा बटणांचा डबा घेऊन वर आली. तिने वडिलांना जमिनीवर बसवलं, आत्याला यंत्रावरून उठवलं आणि ओळी मांडल्या. हजारात एक लाल. शंभरात पाच पांढरी उगाच पकडली जातात. एकेक बटण ती उचलत होती आणि वडील तिच्या हाताकडे बघत होते. ढीग पुरा झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, अधिकची खूण आलेल्या पन्नास जणांत एकच खरा आजारी असतो. बाकी एकोणपन्नास तुमच्यासारखे. उगाच घाबरलेले."

वडिलांचा जीव भांड्यात पडला. तो पडताना आम्हाला दिसला.

"बटणांनी आजार कळायला लागले तर डॉक्टरांनी शिवणकाम करावं," आत्या म्हणाली. पण तीही ढिगाकडे बघत होती, आणि थोड्या वेळाने तिने विचारलं, "म्हणजे पन्नासात एक? खरंच गं?"

"खरंच, आत्या. हे गणित आहे. माझं मत नाहीये."

तरी मुलगी सावध होती. दुसऱ्या दिवशी तिने कॉलेजात सरांना विचारून खात्री केली. वर्गातच उभी राहिली आणि म्हणाली, "सर, हजारात एकाला आजार, तपासणी अशी अशी, तर अधिकची खूण आलेला खरोखर आजारी असण्याची शक्यता दोनच टक्के, बरोबर?" हे कुणाबद्दल आहे ते तिने सांगितलं नाही. सरांना वाटलं, पुस्तकातलं उदाहरण. ते इतके खूश झाले की त्यांनी तिला फळ्यापाशी बोलावून सगळ्यांना समजावून सांगायला लावलं. नापास होणारी मुलगी ती, आणि वर्ग तिचं ऐकत होता. संध्याकाळी मला सांगताना तिच्या बोटांना खडू तसाच होता.

वडील रुग्णालयात गेले नाहीत. नुसते गेले नाहीत असं नाही, त्यांनी हौदाहौदावर सांगितलं. "माझ्या पोरीने हिशेब केलाय. पन्नासात एक!" मोरचूदला सांगितलं, त्या दोघातिघांना सांगितलं. कुणीच गेलं नाही. मुलगी कॉलेजात शिकते, सरांनी फळ्यावर करून घेतलंय, मग रजा टाकून नळी घालून घ्यायला जातो कोण?

उन्हाळ्यात परीक्षा झाली. मुलगी संख्याशास्त्रात पहिल्या वर्गात पास झाली. तपासणीचं उदाहरण पेपरात आलं होतं.

पुढचं मला आत्याकडून कळलं. कारखान्यात लाल रंगाचं मोठं काम आलं होतं. रंगाऱ्यांचा एक जुना समज आहे: ज्या रंगात दिवसभर उभं राहावं तो अंगात उतरतो, घामातून निघतो, लघवीतूनही निघतो. पिवळ्या लॉटला पिवळं, हिरव्याला हिरवट. यावर ते विनोदही करत. म्हणून वडिलांना लाल दिसलं तेव्हा त्यांनी मनाला लावून घेतलं नाही. लाल लॉट आहे, दुसरं काय! घरी बोललेही नाहीत. मग लाल काम संपलं, निळं आलं, हात कोपरापर्यंत निळे झाले, आणि खाली लालच. तेव्हा त्यांनी बहिणीला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, रंग बदलत नाहीये गं."

रुग्णालयात मुलगी बरोबर होती. डॉक्टरीणबाईंनी नाव, वय विचारलं आणि मग विचारलं, "काम काय करता?"

"रंगारी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "किती वर्षं? तुमच्या कारखान्यातून कुणी आधी तपासायला नाही आलं? तुमच्यातल्या जुन्या कामगारांत हा आजार आम्हाला चारात एकाला सापडतो. ते जुने रंगच हा आजार करणारे होते."

मुलगी मला म्हणाली, "आजी, त्या 'चारात एक' म्हणाल्या आणि माझ्या कानात पुढचं काही शिरेना."

नळी घातली. आजार मूत्राशयाच्या भिंतीतून पलीकडे गेला होता. थंडीत आला असतात तर खरवडून काढता आला असता, असं डॉक्टरीणबाई बोलून गेल्या. मुलीने विचारलं, "म्हणजे वाचण्याची शक्यता किती होती तेव्हा?" त्या म्हणाल्या, "आता ते विचारून काय उपयोग?" तिने पुन्हा विचारलं. त्यांनी सांगितलं नाही.

तिथून ती घरी न येता सरळ कॉलेजात गेली. सर एकटेच होते. तिने फक्त इतकं सांगितलं की ते उदाहरण वडिलांचं होतं. सरांना आधी कळलं नाही, मग त्यांनी विचारलं, "वडील काय करतात?" तिने सांगितलं. डॉक्टरीणबाईंचं 'चारात एक'ही सांगितलं. सर खुर्चीवरून उठले.

"तू हजारात एक कुठून घेतलास?"

"पुस्तकातून."

"तो कुठल्या हजारातला एक? रस्त्यावरून जाणाऱ्या कुठल्याही हजार माणसांतला. तुझे वडील त्या हजारात नाहीत, मुली. ते रंगाऱ्यांच्या हजारात आहेत."

त्यांनी खडू घेतला. हजार रंगारी. चारात एक म्हणजे अडीचशे आजारी. त्यांतले दोनशे सदतीस पकडले जातील. इथपर्यंत लिहिलं आणि त्यांचा हात थांबला. मुलीने त्यांच्या हातातून खडू घेतला. उरलेले साडेसातशे निरोगी, त्यांतले सदतीस उगाच पकडले जातील. दोनशे सदतीस भागिले दोनशे चौऱ्याहत्तर. शंभरात शहाऐंशी.

"रीत बरोबर होती तुझी," सर म्हणाले. बिचाऱ्यांना दुसरं काही सुचलं नसेल.

घरी एक वेगळंच दुखणं सुरू झालं. वडील कुणालाच दोष देत नव्हते. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत, "पोरीने हिशेब केला होता ना, पन्नासात एक. तो एक मीच निघालो बघा! कुणीतरी निघायलाच हवा की." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान असायचा. आत्याला खरं काय ते मुलीने सांगितलं होतं. आत्या तिला म्हणाली, "तोंड बंद ठेव. नशीब म्हणून मरू दे त्याला. पोरीमुळे म्हणून मरायला लावू नकोस." यात माया होती, पण ते वाक्य ऐकून मुलगी दोन दिवस जेवली नाही.

तिला गप्प राहताही आलं असतं. पण मोरचूद होता. ते बाकीचे होते. वडिलांच्या तोंडून निघालेला तिचा हिशेब त्यांच्या खिशात होता, आणि दर भेटीला वडील तो पुन्हा पक्का करत होते.

एका दुपारी मी त्यांच्यासाठी सूप घेऊन वर गेले. यंत्र बंद होतं. मुलगी पलंगापाशी खाली बसली होती. मी जायला वळले तर म्हणाली, "आजी, थांबा." मग वडिलांकडे वळली.

"बाबा, माझा हिशेब चुकला होता."

"अगं, चुकला कुठे? पन्नासात एक—"

"नव्हता पन्नासात एक. मी माणसं चुकीची घेतली. सगळ्या गावाची घेतली. तुमच्या हौदावरची घ्यायला हवी होती. तुमच्यात अधिकची खूण आली तर शंभरात शहाऐंशी जण आजारी असतात. तुम्हाला तेव्हाच जायला हवं होतं."

मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मोरचूदला खूण होती," ते म्हणाले.

"हो, बाबा."

"मीच सांगितलं त्याला, जाऊ नकोस म्हणून." त्यांनी उठायचा प्रयत्न केला, मी आणि मुलीने त्यांना पुन्हा निजवलं. "जा तू. आत्ता जा. पाळी सुटेल. त्याला म्हणावं, मी सांगितलंय."

ती गेली. तिथे काय झालं ते तिने परत आल्यावर माझ्या दारात उभं राहून सांगितलं. पाळी सुटली होती, फाटकाशी सगळे रंगारी सायकली काढत होते. तिने मोरचूदला गाठलं आणि सगळं सांगितलं. तो हौदावरचा माणूस, रागावला नाही. त्याने सायकल उभी केली, तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"पोरी, तुझं दुःख मला कळतं. आम्हा सगळ्यांना कळतं."

"काका, दुःखाचं नाहीये हे. हिशेब आहे."

"तो पण हिशेबच होता ना? सरांनी फळ्यावर करून घेतलेला?"

"तो चुकला होता."

"आता हा बरोबर कशावरून?" बाकीचे हसले नाहीत, तेही तिच्याकडे कीव आल्यासारखे बघत होते. मोरचूद म्हणाला, "हे बघ, तू हुशार होतीस आणि शांत होतीस तेव्हा एक सांगितलंस. आज बाप आजारी आहे, तुला सगळीकडे आजारच दिसणार. तूच सांग, मी कुठल्या पोरीचं ऐकू?"

"माझ्याकडे आकडे होते, आजी," ती मला म्हणाली, "आणि त्यांच्याकडेही माझेच आकडे होते."

दुसऱ्या एकाने विचारलं, नळी घालताना तुझ्या बापाला फार दुखलं का गं? तिने खरं सांगितलं, दुखलं. मग सगळे सायकलींवर बसून गेले.

ती माझ्या मोरीत तोंड धुऊन आली. तोंड पुसताना म्हणाली, "वर बाबा वाट बघत असतील. काय सांगू?"

माझ्या उत्तराची तिने वाट पाहिली नाही. टॉवेल घडी घालून दोरीवर टाकला आणि जिना चढली.

आमचं छत पातळ आहे. वडिलांनी काहीतरी विचारलं, शब्द कळले नाहीत, पण आवाज वर गेला म्हणजे प्रश्न होता. मग मुलीचा आवाज, अगदी सरळ आणि स्पष्ट. मग वडील हसले. कितीतरी दिवसांनी हसले, खोकला येईपर्यंत, आणि आत्याला हाक मारून म्हणाले, "ताई, ऐकलंस का, मोरचूद जातोय म्हणे!" तेव्हा मला कळलं तिने काय सांगितलं ते.

सकाळी मी दारापुढचं झाडत होते. मोरचूद नेहमीच्या वेळेला सायकलवरून कारखान्याकडे चालला होता. त्याने वरच्या खिडकीकडे पाहिलं, पडदा ओढलेला होता. मग त्याने मला हात केला. मीही केला.